सुलीचे कुडीवाले उंदीर

सुलभा गेल्याचं मला चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं. सकाळी साडेनऊला, दाढी करून झाल्यावर. आमची नायगावची चाळ आता जागेवर नाही. ती पाडून झाली, माणसं शिवडीपासून डोंबिवलीपर्यंत पांगली, पण ग्रुप शाबूत आहे आणि त्यावर सुप्रभातची फुलं रोज नेमाने येतात. त्या फुलांच्या मधेच ‘चाळीचं भूषण, प्राण्यांच्या डॉक्टर सुलभाताई यांचं दुःखद निधन’ असा मजकूर होता. खाली तिच्या सत्काराच्या दिवशीचा फोटो, खांद्यावर शाल, हातात नारळ. फोटो कापताना कडेला कुणाचं तरी कोपर राहून गेलं होतं. ते माझ्या आईचं. अर्ध्या तासाने सुलभाच्या भावाचा, प्रकाशचा, फोन आला. “दिनू, कळलं ना?” “कळलं.” “चारला नेतोय.” “येतो.” एवढंच बोलणं झालं. आम्हा चाळीतल्या पुरुषांना अशा वेळी याहून जास्त बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी त्याचा उपयोग काय होता कोण जाणे.

‘प्राण्यांच्या डॉक्टर’ हे मात्र तिला आवडलं नसतं. तिच्याकडे पशुवैद्यकाची पदवी होती हे खरं, पण कॉलेज सुटल्यापासून तिने एकाही कुत्र्याला इंजेक्शन दिलं नव्हतं. एका प्राण्याचा आजार दुसऱ्याला कसा जातो, प्राण्यांचा माणसांना कसा होतो, किती वेगाने पसरतो आणि कुठे जाऊन थांबतो, याचं गणित मांडण्यात तिचा जन्म गेला. कुणी आजारी मांजर घेऊन दारात उभं राहिलं तर ती सांगायची, “दवाखान्यात न्या हो. माझ्याकडे ती मेल्यावर आणा.” लोक दचकायचे. आपण काही वावगं बोललो असं तिला वाटत नसे.

मधला लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, टोकाला नळ आणि संडास, अशी आमची तीन नंबरची बिल्डिंग. आमची खोली सत्तावीस नंबरची, सुलभाची, म्हणजे आमच्या सुलीची, बरोबर समोर. तिचे वडील गिरणीत, माझे गोदीत. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी मला ‘दिन्या’ म्हणायची आणि मला ते खटकायचं नाही. लहानपणापासून तिला मोजायची खोड. पॅसेजच्या टोकाच्या खिडकीतून समोरच्या छपरावरची कबुतरं ती रोज संध्याकाळी मोजायची आणि गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहून ठेवायची. एकदा मला म्हणाली, “काल सदतीस होती, आज एकतीस. सहा कुठे गेली?” मी म्हटलं, “उडाली असतील.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यातलं एखादं पळवलंय. “हे उत्तर नाही,” ती म्हणाली. पुढे मी डिप्लोमा करून माझगावला गोदीत आराखडे काढायच्या खात्यात चिकटलो, आणि ती परळला चालत जाऊन पशुवैद्यक शिकली, मग विदर्भातल्या जंगलात गेली. तिथे गावची गुरं चरायला रानात शिरतात, त्यांचे रोग चितळांना, गव्यांना लागतात. ते कसे लागतात हे बघत तिने सात-आठ वर्षं काढली. वर्षातून दोनदा घरी यायची, काळवंडलेली, गोचिडांच्या गोष्टी सांगत. आई तिला उंबऱ्यावरच थोपवायची. “आधी न्हावन ये, मगे बस.”

मला शिकायचं होतं. इंजिनियर व्हायचं होतं. घरची परिस्थिती नव्हती, हे कारण मी सगळ्यांना देत आलो आणि ते खोटंही नाही. पण मला मार्कही बेताचेच होते, हे इथे नोंदवायला हवं. कारण पुढे जे घडलं त्यात या गोष्टीचा संबंध येतो.

सुली मुंबईत एका संशोधन संस्थेत रुजू झाली तेव्हा आम्हाला वाटलं, आता जंगल सुटलं, बाई टेबलामागे बसणार. ती पहिल्याच रविवारी आमच्याकडे येऊन म्हणाली, “माझं जंगल आता इथेच आहे.” मला काही उमगेना. मग ती समजावत बसली. “वन्य म्हणजे काय रे? जो आपल्या हुकमात नाही तो वन्य. आता सांग, या बिल्डिंगीत तुमच्या कुणाच्या हुकमात नाही असं कोण राहतं?” आई शेगडीवरच्या भाकरीवरून नजर न काढता म्हणाली, “उंदीर.” “बरोबर, काकी!” सुली टाळी वाजवत म्हणाली. पावसाळ्यात पाणी साचतं, त्यात उंदरांचं मूत मिसळतं, माणूस त्यातून अनवाणी चालतो, पायाला खरचटलेलं असतं आणि तिथून लेप्टोचा ताप अंगात शिरतो, हे आता मुंबईत शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. तिला पुढचं हवं होतं. चाळीत उंदीर किती? ते एका बिल्डिंगीतून दुसरीत जातात की आपल्याच बिळात राहतात? हे कळलं तर ताप कुठून कुठे जाईल ते आधी सांगता येईल, आणि औषध आधी कुठे मारायचं तेही ठरवता येईल. जंगलात चितळं मोजायच्या ज्या रीती तिने वापरल्या होत्या, त्याच ती चाळीत वापरणार होती.

रीत साधी होती. काही उंदीर पकडायचे, त्यांच्या कानाला नंबराची बारीक पत्र्याची खूण टोचायची, सोडून द्यायचे. काही दिवसांनी पुन्हा पकडायचे आणि त्यात खुणेचे किती आले ते बघायचं. खुणेचे कमी आले तर उंदीर पुष्कळ, जास्त आले तर थोडे. मंडळाच्या खोलीत तिने सभा घेऊन हे सांगितलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठून म्हणाले, “म्हणजे पकडायचे आणि सोडायचे? मग पकडायचेच कशाला?” सभेत हशा पिकला. सुलीने सभा तशीच सोडली, आमच्या खोलीत आली आणि आईचा कडव्या वालांचा डबा मागितला. एक मूठ वाल काढले, माझी आराखड्याची काळी शाई घेऊन प्रत्येकावर ठिपका दिला, परत डब्यात टाकून डबा खळखळ हलवला आणि दुसरी मूठ काढली. तीत ठिपक्याचे किती, त्यावरून डब्यात एकूण किती असतील तो आकडा तिने पाटीवर लिहिला. आईने सगळा डबा सुपात ओतला आणि दुपारभर बसून एकेक वाल मोजला. फरक दहा-बाराचाच निघाला. संध्याकाळी ती नळावर पोरीच्या बाजूने जाहीर करून आली, “चेडू खरा सांगता.” शाईचे वाल मात्र फेकावे लागले, याबद्दल ती कुरकुरलीच. पण तिने एकदा शब्द टाकल्यावर चाळीत कुणाची हरकत राहिली नाही.

कानातली ती चकाकती खूण पाहून बायकांनी तिला ‘कुडी’ म्हणायला सुरुवात केली आणि असे उंदीर झाले ‘कुडीवाले’. सुलीने दारोदार जाऊन बजावलं, “तुमच्या पिंजऱ्यात कुडीवाला सापडला तर मारू नका हां. तो माझा आहे.”

तो माझा आहे... या तीन शब्दांनी पुढचं सगळं घडवलं. ज्यांनी चाळीत दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. दोरीवरून पडलेला दुसऱ्याचा टॉवेल आपण घडी घालून नेऊन देतो. शेजारून आलेली वाटी परत करतो, आणि तीही रिकामी देत नाही. दुसऱ्याची वस्तू घरात राहिली तर बायकांना रात्री झोप येत नाही. सुलीला असं म्हणायचं होतं की कुडीवाला सापडला तर जागच्या जागी सोडून द्या. चाळीला जे ऐकू आलं त्याचा अर्थ चाळीने आपल्या रीतीने लावला. बिल्डिंगीच्या मागे गटाराच्या कडेने तिचे पत्र्याचे पिंजरे ओळीने ठेवलेले असायचे. आठवड्यातून तीन सकाळी, सातच्या सुमाराला ती येऊन ते तपासायची. लोक त्याआधी, सहा-साडेसहाला, आपल्या घरात सापडलेला कुडीवाला नेऊन तिच्या पिंजऱ्यात घालायचे. हळूहळू चाळीला नंबरही पाठ झाले. तीनने सुरू होणारी कुडी तीन नंबरच्या बिल्डिंगीची, पाचने सुरू होणारी पाचची. तिनाचा उंदीर पाचमध्ये सापडला की पाचवाले तो तीनच्या मागे आणून सोडायचे. माझी आई तर त्याच्यासोबत सुकटीचा एक तुकडाही टाकायची. ती कुणाची वाटी कधी रिकामी पाठवत नसे, मग उंदीर तरी कसा पाठवणार?

हे मी पाहिलं. इथे मी येणारच होतो, म्हणून सरळ सांगतो. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून मागचं गटार दिसायचं. एका सकाळी मी दात घासत उभा होतो तर आई खाली, पदराने झाकलेला आमचा लाकडी पिंजरा हातात धरून, सुलीच्या पिंजऱ्याशी वाकलेली. वर आल्यावर मी विचारलं, “आये, खाली काय करी होतंस?” “सुलीचो उंदीर गावलो. तिच्या पिंजऱ्यात घालून इलंय. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात ठेवची नसता.” मी हसलो आणि कामावर गेलो. बसमध्ये मला वालांचा डबा आठवला, आणि माझगाव येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं की हे असं चाललं असेल तर सुलीचा हिशोब साफ चुकणार. जो उंदीर फिरून दुसऱ्या बिल्डिंगीत गेलाय तो तिच्या वहीत घरातून हललाच नाही असा दिसेल. खुणेचे उंदीर भरमसाट येतील आणि एकूण उंदीर थोडे वाटतील. दोन रेषा कुठे छेदतात ते बघणं हा माझा रोजचा धंदा होता. मला हे समजायला वेळ लागला नाही.

त्याच आठवड्यात सुली आमच्याकडे चहाला आली होती. खूश होती. म्हणाली, “दिन्या, काही उंदरांना माझ्या पिंजऱ्याची चटकच लागलीय रे. तेच तेच परत येतात. घर सोडून हलत नाहीत.” मी म्हटलं, “असेल.”

का नाही सांगितलं? आईला बोलणी बसतील ही भीती, हे कारण मी स्वतःला दिलं होतं. पण सुली आईला कधी बोलली नसती. खरं कारण निराळं होतं. ती जंगलं पालथी घालून आलेली, नावाजलेली. आणि तिला जे कळलं नव्हतं ते मला, गोदीतल्या आराखडेवाल्याला, दात घासता घासता कळलं होतं. ही भावना मला फार गोड वाटली. ती मी काही दिवस खिशात घेऊन हिंडलो. उद्या सांगू, रविवारी सांगू, असं करता करता तिचे पिंजरे उचलले गेले आणि सांगायची वेळ निघून गेली. मला त्याची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, पण थोडी.

पुढे तिचा निबंध छापून आला. चाळीच्या बिल्डिंगी संगणकाच्या पडद्यावर चौकोन झाल्या होत्या, आत ठिपके, आणि ताप शिरला की ठिपके लाल होत जायचे. ते लाल कसे एका चौकोनातच राहतात, बाहेर पडत नाहीत, हे तिने मला कौतुकाने दाखवलं. उंदीर थोडे आहेत आणि आपल्या बिल्डिंगीतच राहतात. तेव्हा जिथे रुग्ण सापडेल त्या बिल्डिंगीत आधी औषध मारावं, शेजारच्या थांबल्या तरी चालतील, असा निष्कर्ष होता. एका सरकारी समितीने तो उचलला. तिच्या संस्थेत नवा विभाग निघणार होता आणि प्रमुख म्हणून तिचंच नाव पक्कं होतं. चाळीने सत्कार ठेवला.

मंडळाच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, माइक. भाषणं झाली. शाल कुणी घालायची यावर आधी वाद होऊन शेवटी माझ्या आईचं नाव ठरलं होतं. आई शाल घालून, नारळ देऊन तिथेच उभी राहिली. माइक जवळच होता आणि आईचा आवाज मुळातच मोठा. “नाव काढलंस गो बाये! पण आमी पण काय कमी नाय केलाव हां. एकेक कुडीवालो तुझ्या पिंजऱ्यात नेवन घातलाव.” मांडव हसला, टाळ्या वाजल्या. मागून पाचवाल्यांचा आवाज आला, “ताई, तुमचे तीनचे आम्ही परत आणून सोडलेत! एक ठेवला नाही!” कोणी म्हणे दुसऱ्या मजल्याने जास्त सोडले, कोणी म्हणे तिसऱ्याने. सुलीच्या चेहऱ्यावर हसू होतं ते तसंच राहिलं, फक्त त्यामागे कुणी नव्हतं. तिने माइकवर हात ठेवला आणि हळू विचारलं, “काकी, किती वेळा घातलात?” “मोजूक कोण बसलाहा गो?” आई म्हणाली. सुलीने मान वर करून मांडवभर नजर फिरवली. कुणाला शोधत होती ते मला ठाऊक नाही. मी चहाचं बघायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लांब रजिस्टर घेऊन चाळीत आली. पाच बिल्डिंगी, एकेका बिल्डिंगीत ऐंशी खोल्या. प्रत्येक खोलीत जाऊन प्रत्येक मोठ्या माणसाला वेगवेगळं विचारायचं: तुम्ही कितीदा उंदीर परत आणलात, कुठल्या पिंजऱ्यात, किंवा कुणाला आणताना पाहिलंत? महिना-दीड महिना ती हेच करत होती. आईपाशी दोन तास बसली. आई रडली, आठवून आठवून बोलली, मधे दोनदा चहा झाला. मी कामावर होतो. पण पुढच्या दोन रविवारी मी घरीच होतो, सुली पॅसेजमधून माझ्या अंगावरून गेली, ‘काय दिन्या’ म्हणाली, आणि रजिस्टर बगलेत धरून पुढच्या खोलीत शिरली. मला तिने विचारलं नाही. सुटलो, असं मला वाटलं.

संस्थेतले लोक म्हणत होते, बारीकशी दुरुस्ती छाप आणि मोकळी हो. चाळीत काय झालं ते बाहेर कुणाला कळणार आहे? प्रकाशनेही तेच सांगून पाहिलं. त्या वेळी मी तिथे होतो. ती म्हणाली, “माझ्या गणिताने सांगितलंय की तीनमध्ये ताप आला तरी पाच नंबरला औषध मारायची घाई नाही. पाच नंबरवाले तो निबंध वाचत नाहीत, प्रकाश. त्यांना दुरुस्ती कुठून दिसणार?” तिने निबंध संपूर्ण मागे घेतला, समितीला त्याच दिवशी पत्र धाडलं आणि कारण जसंच्या तसं लिहिलं. नव्या विभागाचं प्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. संस्थेच्या कँटीनमध्ये काही काळ तिला बघून कुणी तरी ‘कुडी, कुडी’ करायचं. त्या पावसाळ्यात पाच नंबरमध्ये कुणाला ताप आला नाही. हे नशीब, यात माझं काही नाही, असं ती सांगायची.

आईने मात्र हाय खाल्ली. “माझ्यामुळे पोरीचा नुकसान झाला,” एवढंच घोकत बसायची. घरात पिंजरा लावणं तिने बंद केलं, उंदीर डब्यांवरून नाचायला लागले तरी. एक दिवस सुली आली, पाटावर बसली आणि म्हणाली, “काकी, चूक माझी आहे. ‘तो माझा आहे’ असं मी म्हणायलाच नको होतं. ‘तो कुणाचाच नाही’ असं सांगायला हवं होतं. तुम्ही तर जी रीत आहे ती पाळलीत.” आई म्हणाली, “माका काय ठावक, गो...” “मला तरी कुठे ठाऊक होतं? आता भूक लागलीय. वालाची उसळ करा.” तेव्हा आई उठली.

त्यानंतरची तिची वीस वर्षं या चुकीवरच उभी राहिली असं म्हटलं तर तिला चाललं असतं. प्राणी मोजताना माणसं काय करतात तेही मोजायचं, हा तिने धरलेला धागा. माणसं उंदराला मारतात, पळवतात, खाऊ घालतात, पूजतात, परत आणून देतात; हे सगळं गणितात घेतल्याशिवाय रोग कुठे जाईल ते सांगता येत नाही, असं ती लिहीत, शिकवत राहिली. नंतर माझगावच्या गोदीलगतच्या वस्त्यांत तिने पुन्हा काम केलं आणि आधीचा निष्कर्ष नेमका उलटा निघाला. उंदीर गटारातून रात्रंदिवस ये-जा करतात, औषध मारायचं तर सगळीकडे एकदम. तिच्या समीकरणात त्या माणसांच्या वागण्यासाठी एक अक्षर होतं. तिचे विद्यार्थी त्याला ‘काकी’ म्हणतात. ‘काकी किती धरायची, मॅडम?’ असं ते खुशाल विचारायचे. आईला हे कळेपर्यंत ती थकली होती. सुलीने येऊन सांगितलं तेव्हा नीटशी समजली नाही, पण हसली. पुढच्या वर्षी आई गेली.

सुलीला मी शेवटचा भेटलो तो गिरगावात, तिच्या दोन खोल्यांच्या घरात, दुपारी. आजार मोठा होता आणि डॉक्टरांनी किती दिवस ते सांगून टाकलं होतं. तो आकडा तिनेच मला फोनवर कळवला होता, वर म्हणाली होती, “यात दोन आठवडे इकडेतिकडे धर.” मी गेलो तेव्हा ती उशीला टेकून कुठलासा प्रबंध तपासत होती. आम्ही चाळीतल्या कोण कुठे याबद्दल बोललो, चाळीच्या जागी उठणाऱ्या नव्या टॉवरच्या लिफ्टबद्दल बोललो. चहा झाला. निघायला उठलो आणि उठल्या उठल्या म्हणालो, “सुली, आईला उंदीर घालताना मी पाहिलं होतं. तेव्हाच. मला कळलंही होतं त्याने काय होईल ते. मी बोललो नाही.”

तिने पेन्सिल खाली ठेवली. “ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “काकींनी तेव्हाच सांगितलं. ‘माझो झील खिडकीतसून बघी होतो,’ म्हणाल्या. झील म्हणजे तूच ना.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास, दिन्या. ‘नाही पाहिलं’ म्हणाला असतास. मग मला शून्य लिहावं लागलं असतं.” ती थांबली. “रिकामी जागा परवडते रे. चुकीचा आकडा नाही परवडत.”

मी परत खुर्चीत बसलो. रागावली असती, रडली असती तर मला काही बोलता आलं असतं. इतकी वर्षं तिने माझ्याकडून काही मागितलं नव्हतं, माझ्याशी नेहमीसारखी वागली होती, आईच्या शेवटच्या दिवसांत रात्री जागली होती, आणि त्या सगळ्या काळात तिच्या रजिस्टरात माझ्यासमोरची जागा मोकळी होती. ती माझ्यावर उपकार करत नव्हती. वाट बघत होती.

“आता सांग,” ती म्हणाली. “किती वेळा?”

“तीनदा पाहिलं.”

“नक्की?”

“तीनदा नक्की. चौथ्या वेळी खाली पिंजऱ्याचं दार वाजलं. पण बघायला नको म्हणून मी खिडकीतून आत गेलो.”

“मग ते धरता येत नाही,” ती म्हणाली, अगदी मास्तरणीच्या सुरात. “न पाहिलेलं धरता येत नाही.” मग थोडं हसली आणि म्हणाली, “बरं झालं आलास. आता जा, मला जरा पडू दे.” दारापर्यंत गेल्यावर मी वळून पाहिलं तर ती डोळे मिटून पडली होती. नंतर आम्ही फोनवर दोनदा बोललो, दोन्ही वेळा दुसऱ्याच गोष्टींवर.

तिला जाऊन आता सहा आठवडे झाले. गेल्या मंगळवारी मला गौरीचा फोन आला. गौरी ही सुलीची शेवटची विद्यार्थिनी, तिचे जुने कागद संगणकावर चढवायचं काम तिच्याकडे आलंय. मुलगी नीट आणि अदबीने बोलणारी, पण प्रश्न विचारताना थेट सुलीच. म्हणाली, “काका, तुमच्या चाळीचं ते रजिस्टर चढवतेय. खोली सत्तावीसला तुमचं नाव आहे. आकडा नव्या शाईत लिहिलाय, मॅडमचं अक्षर शेवटी जसं झालं होतं तसं. ‘पाहिले, तीन’ हे कळलं मला. पण त्याच्या खाली लिहिलंय, ‘न पाहिलेला, एक’. म्हणजे काय?”

मी तिला म्हटलं, हे फोनवर नाही सांगता येणार, लिहून पाठवतो. वर आहे ते बहुतेक सगळं नंतर तिच्यासाठीच लिहिलं.

“पाठवा सावकाश,” ती फोनवर म्हणाली. “पण काका, मी आत्ता त्या जागेवर अडलेय. हा एक मोजायचा की नाही?”

“मोज,” मी म्हटलं.